नजरबादहून न उघडणारं फोल्डर

म्हैसूर, नजरबाद
१२ एप्रिल २०२५

चि. हरिणी,

पुण्यात ऊन फार म्हणतात, तर आधी आशीर्वाद घे आणि मग माठातलं पाणी पी.

अक्षर बघून घाबरू नकोस, मी शिकले नाही अजून. हे जगन्नाथराव लिहितात, समोरच्या घरातले, हिंदीचे मास्तर होते ते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका लाल शाईने काढल्या, आता माझ्या चुका निळ्या शाईने लिहून घेतात. उलट फोन करू नकोस. फोन कानाशी नेला की माझं कानातलं यंत्र शिट्टी मारतं, आणि तू काय म्हणालीस ते सोडून सगळं ऐकू येतं. पत्र पाठव, रावांच्या पत्त्यावर. आमच्या पत्त्यावर आलं तर तुझा काका विचारेल, आणि तुला लिहिते हे त्याला आत्ताच कळायला नको. तू दामोदरची लेक. नरहरीच्या हिशेबी तू पलीकडच्या गटातली.

आता ऐक. बेट्टदपुरच्या डोंगराखाली मुलांची ती राहण्याची शाळा आहे ना, जिथल्या गणवेशाचं काम तुझे आजोबा बावीस वर्षं करत होते? चौसष्ट पोरं. कुणाचा एक हात आखूड, कुणाच्या पायाला लोखंडी पट्टी, कुणी चाकाच्या खुर्चीत. तयार साइज एकालाही बसत नाही. प्रत्येकाचं माप वेगळं, कापायचा खाका वेगळा. दोघं भाऊ वेगळे झाले त्याला दीड वर्ष झालं, दुकान नरहरीकडे आणि मेटगळ्ळीची फॅक्टरी तुझ्या अप्पाकडे, पण हे एक काम दोघांनी मिळून ठेवलं. माप आणि फिटिंग नरहरीचं, कटिंग दामोदरच्या मोठ्या टेबलावर. मापं, खाके सगळे कंप्युटरात, ते फोल्डर मेटगळ्ळीला.

मार्च महिन्यात ते पेनड्राइव्हमधून नेआण करत होते. त्यात भव्या नावाच्या पोरीचं जुनं माप कापलं गेलं. ती खुर्चीत बसते. बसलेल्या पोराची पॅन्ट मागून उंच आणि पुढून खाली लागते, नाहीतर कंबर उघडी पडते. तिची पडली. शाळेच्या कार्यक्रमात, सगळ्यांसमोर. तेव्हापासून नरहरी पेनड्राइव्हला हात लावत नाही. म्हणतो, एकच कागद दोघांना दिसला पाहिजे, नाहीतर मी करणार नाही.

आणि तो कागद त्याला दिसत नाही. फेब्रुवारीत माणूस बोलावून दोन्हीकडचे कंप्युटर जोडले होते, तीन दिवस उघडलं, मग बंद. का बंद, ते नरहरीला ठाऊक आहे असं नरहरीला वाटतं. विठ्ठल मंदिरात वर्षाची पूजा होती, तिथे दामोदर चार लोकांत म्हणाला, नरहरीचं दुकान म्हणजे म्युझियम आहे, तिकीट लावलं पाहिजे. दुसऱ्याच दिवशी फोल्डर बंद. आयितु, झालं. नरहरी म्हणतो अण्णाने कुलूप घातलं. दामोदर म्हणतो मी काहीच केलं नाही. दोघं बोलतात ते माझ्यातर्फे, आणि मला तर अर्धंच ऐकू येतं.

शाळा दोन जूनला उघडते. वीस मेपर्यंत कटिंग सुरू झालं नाही तर कपडे होत नाहीत. नरहरीने ठरवलंय, वीस तारखेला शाळेच्या बाईंना सांगायचं की दुसरीकडे बघा. दुसरीकडे कोण चौसष्ट खाके कापणार? पोरांना ढगळ शर्ट मिळतील आणि बाह्या दुमडून दिवस काढतील.

तू हॉस्पिटलातले कंप्युटर सांभाळतेस म्हणे. मग हा आजार कसला ते सांग.

तुझी आज्जी
(अंगठा निळ्या खडूचा आहे, शाईचा नाही. – ज. राव)


पुणे
१८ एप्रिल

ती. आज्जी,

नमस्कार. आणि रावकाकांनाही.

तू लपवून लिहितेस आणि मी लगेच अप्पांना फोन केला, हे आधीच कबूल करते. तुझं नाव नाही घेतलं. सहज विचारल्यासारखं विचारलं. ते म्हणाले, "माझ्याकडून सगळं उघडं आहे. त्याला बघायचंच नसेल तर मी काय करू?" आवाज असा होता की पुढे विचारलं नाही. काकांना दोनदा फोन केला, त्यांनी उचलला नाही.

तुला जमेल तसं समजावते. डोमेन म्हणजे एका मालकाच्या सगळ्या कंप्युटरांची एक वस्ती धर. आत कुणाला सोडायचं त्याची यादी एका मुख्य कंप्युटरकडे असते. अप्पांची वस्ती वेगळी, काकांची वेगळी, म्हणून काकांना मेटगळ्ळीचा कंप्युटर ओळखतच नाही. त्यासाठी दोन वस्त्यांमध्ये ट्रस्ट जोडतात. म्हणजे मेटगळ्ळीने कबूल करायचं की नजरबादचा मुख्य कंप्युटर ज्याची ओळख देईल, त्याला मी आत घेईन. याला दिशा असते. फोल्डर ज्याचं, भरवसा त्याने ठेवायचा. उलटा जोडला तर अप्पा काकांकडे जाऊ शकतील, काका अप्पांकडे नाही.

शिवाय फोल्डरला दोन कुलपं असतात. एक फाटकाचं, नेटवर्कवरून येणाऱ्यांसाठी. एक खोलीचं, खुद्द फोल्डरचं. काकांचं नाव दोन्हीकडे हवं. बरेच लोक फाटक उघडतात आणि खोली विसरतात.

तर ट्रस्टची दिशा आणि दोन कुलपं, एवढं मेटगळ्ळीला बघायला हवं. मी इथून बघू शकत नाही. अप्पांच्या कंपनीत बाहेरून कुणाला शिरू देत नाहीत, मुलीलाही नाही.

खरं सांगू? मला वाटतं काका पासवर्ड चुकीचा घालत असतील आणि रागात पुन्हा बघत नसतील. काका हट्टी आहेत.

तुझी
हरिणी


म्हैसूर
२४ एप्रिल

चि. हरिणी,

तुझं पत्र रावांनी दोनदा वाचलं. एकदा माझ्यासाठी आणि एकदा स्वतःला समजावं म्हणून. तुझं मराठी आता पुण्याचं झालं, प्रत्येक वाक्याला इस्त्री. चांगलं आहे, पण घरी येताना थोडं चुरगळून आण.

काका हट्टी हे तू मला सांगतेस. त्याला नऊ महिने पोटात मी ठेवलं होतं, दहाव्यातही यायला तयार नव्हता.

भरवशाचं मात्र आवडलं. दार उघडतो तो भरवसा ठेवतो, आत येतो त्याने काही ठेवायचं नाही. माझं लग्न अगदी असंच जुळलं होतं.

मंगळवारी मी बसने मेटगळ्ळीला गेले. दामोदर म्हणाला, आई, सांगायचं, गाडी पाठवली असती. मी म्हटलं, गाडी पाठवली असतीस तर तयारी पण केली असतीस, मला न सांगता यायचं होतं. मग त्याच्या खोलीत बसून म्हटलं, ट्रस्ट दाखव. फाटकाचं कुलूप दाखव. खोलीचं कुलूप दाखव. त्याचं तोंड बघायला हवं होतंस. लहानपणी बिस्किटांचा डबा उघडून दाखव म्हटल्यावर व्हायचं तसंच, फक्त आता मिशा आहेत.

त्याने दाखवलं. मला वाचता येत नाही हे विसरून बोटाने एकेक ओळ दाखवली. मी तरी काय बघणार, पण बोट कुठे थरथरतं ते बघता येतं. कुठेच थरथरलं नाही. मग कटिंग मास्तरला बोलावून त्याच्याकडून वाचून घेतलं. भरवसा बरोबर दिशेने आहे. नरहरीचं नाव दोन्ही कुलपांना आहे.

निघताना दामोदर म्हणाला, "मी बंद केलं असं तुलाही वाटलं, आई?"

मी म्हटलं छे, सुम्ने आले, सहज, तुला बघायला.

हरिणी, मला वाटलं होतं. तो लहानपणी कात्री लपवायचा धाकट्याची. बसमध्ये परत येताना बरं नाही वाटलं.

तर तुझा अप्पा खोटं बोलत नाही. आता तुझा काका उरला, आणि त्याचा पासवर्डही बरोबर आहे. त्याच पासवर्डने दुकानातलं बाकी सगळं उघडतं, मी बघितलंय. दोघंही खरे, आणि फोल्डर बंद. आता पुढचं सांग. वीस तारीख जवळ येते आहे.

आज्जी


पुणे
२९ एप्रिल

ती. आज्जी,

तू जे केलंस ते आमच्या ऑफिसात करायला तीन लोक आणि एक मीटिंग लागते.

आता मला काकांच्या स्क्रीनवर नेमकं काय येतं ते हवं. ते फोल्डर उघडायला गेल्यावर जी चौकट येते, तिच्यातले शब्द, आकडे, जसेच्या तसे. "उघडत नाही" एवढ्याने कळत नाही. उघडत नाही याचे पन्नास प्रकार आहेत. फोटो काढता आला तर उत्तम.

अप्पांबद्दल मीही तसंच धरून चालले होते, असं नाही म्हणणार. पण काका चुकत असतील असं धरलं होतं. म्हणजे आपण दोघींनी एकेक वाटून घेतला.

तुझी
हरिणी


म्हैसूर
५ मे

चि. हरिणी,

फोटो काढणारा फोन रावांकडे नाही, त्यांचा फोन फक्त बोलतो आणि तोही मोठ्याने. घरात दुसऱ्या कुणाकडे मागितला तर संध्याकाळपर्यंत नरहरीला कळलंच म्हणून समज.

म्हणून काल रावांनाच दुकानात नेलं. नरहरी रोज चारला कॉफीला जातो, साडेचारला येतो. तो गेल्यावर मी खुर्चीवर, राव मागे उभे. त्याने फोल्डरचं चित्र कुठे ठेवलंय ते मला ठाऊक आहे, दिवसातून दहादा दाबून बघतो बिचारा. मी दाबलं. बराच वेळ काही नाही, मग चौकट आली.

मी म्हटलं, वाचा राव. राव वाचू लागले आणि म्हणाले, "सारांश असा की, उघडता येत नाही, संबंधितांना भेटा." मी म्हटलं, सारांश नको, तिने जसंच्या तसं मागितलंय. म्हणाले, इंग्रजीचं मराठी करताना सारांशच होतो. पस्तीस वर्षं पोरांना सारांश लिहायला लावले त्याचा परिणाम. सारांशाने कपडा शिवता येत नाही.

मग मी माझी युक्ती केली. खाका उतरवायचा बटर पेपर घेतला, अख्ख्या काचेवर लावला, चार कोपऱ्यांना पट्टी चिकटवली, आणि मऊ पेन्सिलीने खालचं दिसेल ते सगळं गिरवलं. कुठलं अक्षर कामाचं आणि कुठलं बिनकामाचं मला काय कळतंय. म्हणून काहीच सोडलं नाही. चौकट गिरवली, तिच्यातल्या मुंग्या गिरवल्या, खालची पट्टी, तिच्यावरची चित्रं, कोपऱ्यातली बारीक नक्षी, सगळं. राव मनगटावरचं घड्याळ बघत मागून घाई करत होते, "चार वाजून दहा झाले, बाई." मी म्हटलं, तुम्ही घड्याळ बघा, मी कागद बघते. शेवटची रेघ झाली आणि नरहरी आला.

"आई, काय करतेस?"

म्हटलं, काच पुसते आहे. बटर पेपरने काच पुसणारी बाई त्याने पहिल्यांदा बघितली असेल. मला सोडलं. रावांना मात्र विचारलं, तुम्ही कशाला आलात, तर राव म्हणाले, बटण लावायला. त्यांच्या सदऱ्याला एकही बटण कमी नव्हतं.

कागद सोबत पाठवते. घडी माझी आहे, खाक्याची, उलगडताना फाडू नकोस.

आज्जी


पुणे
१० मे

ती. आज्जी,

तुझा कागद मी आमच्या खोलीत खिडकीला लावला. सगळे बघायला आले. असा स्क्रीनशॉट इथे कुणी पाहिला नव्हता.

चौकटीतलं लिहिलेलं काही उपयोगाचं नाही. रावकाकांचा सारांश बरोबर होता, त्यांना सांग. पण उजव्या कोपऱ्यातली ती तुझी बारीक नक्षी, ती नक्षी नाही. ती वेळ आहे. काकांच्या कंप्युटरची. तू लिहिलंस रावकाका म्हणाले चार वाजून दहा, आणि तू गिरवलंयस चार वाजून बावीस.

एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत जाताना ओळखीची एक चिठ्ठी जाते, तिच्यावर वेळ लिहिलेली असते. दोन्हीकडच्या वेळेत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक दिसला तर पलीकडचा कंप्युटर चिठ्ठी खोटी समजतो आणि दार लावतो. कुणी चिठ्ठी चोरून नंतर वापरू नये म्हणून. दुकानातल्या दुकानात सगळ्यांचीच वेळ सारखी पुढे, म्हणून तिथे काही अडत नाही. मेटगळ्ळीच्या दारात अडतं. अप्पांनी बंद केलं नव्हतं. काकांनीही काही चुकीचं टाइप केलं नव्हतं.

बारा मिनिटं. आज्जी, हे दुकानातल्या भिंतीवरच्या घड्याळाचं अंतर आहे ना? आम्ही लहानपणी त्यावरून हसायचो, की दुकानात पाऊल ठेवलं की आपण बारा मिनिटांनी मोठे होतो. पण ते कंप्युटरात कुणी घातलं? कंप्युटर आपली वेळ आपण बरोबर ठेवतो, मुद्दाम बदलल्याशिवाय बिघडत नाही.

काकांनी मुख्य कंप्युटरची वेळ बरोबर करायची आणि ती आपोआप जुळत राहील असं ठेवायचं. दोन मिनिटांचं काम आहे. आता लपवू नकोस, माझं नाव सांगितलंस तरी चालेल.

तुझी
हरिणी


म्हैसूर
१५ मे

चि. हरिणी,

तुझं दोन मिनिटांचं काम. ऐक आता.

काल जेवताना नरहरीला सगळं सांगितलं. तुला लिहिलं ते, मेटगळ्ळीला गेले ते, काच पुसली ते. रागावला नाही. वेळ कुणी बदलली विचारलं, तर ताठ होऊन म्हणाला, मी. पूजेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सकाळी. अण्णा म्युझियम म्हणाला ना, तर म्हटलं म्युझियम तर म्युझियम, सगळं बाबांच्या पद्धतीने चालेल. मशिनींना तेल घातलं, खुंट्या पुसल्या, आणि बघितलं तर कंप्युटर बाबांच्या घड्याळाच्या बारा मिनिटं मागे. त्याला ओढून पुढे आणला.

आणि त्याच दिवसापासून फोल्डर बंद. कळलं का तुला? दामोदरने शब्द टाकला, नरहरीने वेळ फिरवली, आणि दोघं तीन महिने एकमेकाचं कुलूप शोधत बसले.

मी म्हटलं, मग आता मागे घे. म्हणाला, "नाही. बाबांनी ठेवलेली वेळ आहे ती. जगाच्या आधी आपलं काम तयार पाहिजे, म्हणून. अण्णाच्या फोल्डरसाठी मी बाबांची वेळ मोडू?"

हरिणी, आता पुढचं राव लिहायला तयार नव्हते, म्हणाले घरातली गोष्ट आहे. मी म्हटलं, घरातल्यांनाच लिहितो आहोत, लिहा.

ती वेळ तुझ्या आजोबांची नाही. माझी आहे. पन्नास वर्षं झाली, दामोदर पोटात होता. तुझे आजोबा कात्रीला देवमाणूस, आणि वेळेला, काय सांगू. पाचला देतो म्हणायचे आणि पाचला गिऱ्हाईक दारात उभं असताना काज करायला बसायचे. एका नवऱ्या मुलाचा कोट वरात निघाल्यावर पोचला, रस्त्यात घातला त्याने. त्या लोकांनी मला जे ऐकवलं ते मी एका दुपारी स्टुलावर चढून घड्याळात घातलं. बारा मिनिटं. त्यांना सांगितलं नाही. दोन महिन्यांत बाजारात बोलबाला, नजरबादचा एकच टेलर वेळेवर. मग एक दिवस रेडिओवर वेळ ऐकली त्यांनी. घड्याळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात एक गिऱ्हाईक म्हणालं, तुमचं घड्याळ पुढे दिसतं. हे म्हणाले, "मी मुद्दाम ठेवलंय. शिस्त आहे."

मी म्हटलं, हो हो, त्यांचीच शिस्त. पुढे पन्नास वर्षं तेच म्हणत आले. मेल्यावर तर जास्तच. पोरांना वडील वेळेचे पक्के होते असं वाटतं, वाटू दे म्हटलं, माझं काय गेलं.

काल गेलं. नरहरीला हे सगळं सांगितलं. म्हटलं, तू ज्याच्यासाठी भांडतोस ती तुझ्या बाबांची शिस्त नव्हे, माझी लबाडी आहे, आणि ती फोल्डरपर्यंत पोचेल असं मला स्वप्नातही आलं नव्हतं. पोरांचे कपडे अडले ते माझ्या बारा मिनिटांनी.

तो जेवण अर्धं टाकून उठला. खाली गेला नाही, कंप्युटरला हात लावला नाही. बाहेर गेला. आज सकाळी दुकान उघडलं. घड्याळाखाली उभा राहून बराच वेळ बघत होता.

गेलेल्या माणसाचं नाव असं खाली ओढायला नको होतं, असं राव म्हणतात. राव, हेही लिहा. मला तसं वाटत नाही. पण झोप नीट लागली नाही.

पाच दिवस उरलेत.

आज्जी


नजरबाद, म्हैसूर
१९ मे

चि. हरिणी,

मी काका लिहितो. माझं मराठी लिहिणं शाळेतल्या हिंदीच्या जोरावर आहे, समजून घे. तुझे फोन उचलले नाहीत, ते मनातून काढून टाक.

आईने तुला लिहिलं असेलच. दोन दिवस मी नीट नव्हतो. राग आईचा नव्हता. बाबांचाही नव्हता. वाटलं, मी कशाला धरून बसलो होतो एवढं. मग तिसऱ्या दिवशी एक म्हातारं गिऱ्हाईक आलं, त्याला विचारलं, बाबा वेळेवर द्यायचे का? तो एवढा हसला की ठसका लागला. म्हणाला, "तुझे बाबा? तुझी आई दारात उभी राहायची म्हणून मिळायचे कपडे."

भिंतीवरचं घड्याळ तसंच ठेवलंय. ते आईचं आहे, तिने काढायला सांगितलं तर काढीन. कंप्युटरची वेळ बरोबर केली. फोल्डर दाबलं. उघडलं, लगेच, कधी बंद नव्हतंच असं.

आत चौसष्ट नावं होती आणि वर एक फाइल, "नरहरी बघ" अशा नावाची. अण्णाने उघडलेली, पूजेनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात. फोनवर मी येत नव्हतो म्हणून तो तिथे लिहीत होता, दर रविवारी. मी वाचतो आहे आणि उत्तर देत नाही असं त्याला वाटत होतं. मी तुला थोडं उतरवून पाठवतो, कारण तू त्याची मुलगी आहेस आणि हे तुला ठाऊक असावं.

२ मार्च. "म्युझियम म्हणालो ते चुकलं. लोक हसले म्हणून वाढवून बोललो."

१६ मार्च. "भव्याचं जुनं माप माझ्या टेबलावर कापलं गेलं. मी बघायला हवं होतं. तू शाळेत जाऊन माफी मागितलीस असं कळलं. माझ्या वाटची पण मागितलीस का?"

६ एप्रिल. "भव्याला नवी खुर्ची आली. शाळेत फोन करून विचारलं. बसायची जागा खोल आहे, मागची उंची पाऊण इंच वाढव. बाकी सगळ्यांची नवी मापं शाळेने कळवली तशी रकान्यात भरली आहेत, एकदा तू हात लाव, माझा विश्वास तुझ्या टेपवर आहे."

२७ एप्रिल. "आई येऊन कुलपं बघून गेली. तू पाठवलं होतंस का? पाठवलं असलंस तरी चालेल."

११ मे. "नरहरी, अजून नऊ दिवस आहेत."

मी खाली एक ओळ लिहिली. "अण्णा, आज पहिल्यांदा दिसलं. उद्या सकाळी कटिंग लाव." तो मेटगळ्ळीला कंप्युटरपुढेच बसला असावा. एका मिनिटात फोन आला. उचलताच म्हणाला, "तेरा नंबरच्या पोराची बाही तपासलीस का?"

काल कटिंग सुरू झालं.

तुझा
नरहरीकाका


म्हैसूर
३ जून

चि. हरिणी,

कपडे झाले. चौसष्टच्या चौसष्ट. इस्त्री मी बघितली, बटणांच्या जागी जिथे चिकटपट्टी हवी तिथे मी स्वतः ओढून बघितली.

मधल्या पंधरा दिवसांत काय झालं म्हणून सांगू. दोघांचं भांडण इतकं वाढलंय की दिवसातून सहा वेळा फोन. तू रकाना पुसलास, मी नाही पुसला, तूच पुसलास. आधी ते माझ्यातर्फे बोलायचे तेव्हा घरात शांतता होती. आता मला कुणी विचारतही नाही. जाऊ दे.

शनिवारी कपडे पोचवायचे होते, पोरं दोन दिवस आधीच राहायला येतात. दामोदर मेटगळ्ळीची गाडी घेऊन दुकानात आला. दीड वर्षात उंबरठा ओलांडला नव्हता. आत येऊन इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाला, "तिकीट किती?" नरहरीने हातात गठ्ठा दिला आणि म्हणाला, "हे उचल, फुकट सोडतो."

मी गेले नाही. जागा नाही म्हणाले, आणि जागा होती तरी मी नसते गेले. सकाळी आठला निघाले. बेट्टदपुरला दोन तास धर, कपडे वाटायला दोन तास, परत दोन. मी दुपारी तीनच्या हिशेबाने स्वयंपाक केला. चार वाजले, पाच वाजले. राव तीनदा येऊन गेले. साडेसातला गाडी लागली.

आधी भव्याचं विचारलं. नरहरीने तिचीच गोष्ट सगळ्यांत आधी सांगितली असती, पण दामोदर मध्येच बोलला. पॅन्ट घातली, खुर्चीत बसली, पुढे वाकली, मागे हात नेऊन कंबर चाचपली. पुन्हा वाकली, पुन्हा चाचपली. मग म्हणाली, "आता मी पहिल्या रांगेत बसेन." हे शेवटचं वाक्य नरहरीने सांगितलं, खिडकीकडे बघत. मी पण बघितलं, बाहेर काही नव्हतं.

मग म्हटलं, आणि उशीर का? नरहरी म्हणाला रस्त्यावर गर्दी. त्याच वेळेला दामोदर म्हणाला गाडी तापली. दोघं माडीचा जिना चढायला लागले, कठड्याला धरून, एकेक पायरी, मांड्या दाबत. दोघांच्याही कपाळाला एकसारखा अंगारा. आणि त्या शाळेमागे डोंगर किती उंच आहे आणि वरच्या देवळाला किती पायऱ्या आहेत ते मला ठाऊक आहे, लग्नानंतर मी चढलेय त्या. पन्नाशीचा एक आणि त्याच्या मागचा एक, दुपारच्या उन्हात, कुणी सांगितलं नसताना.

वर काय बोलले ते दोघंही सांगत नाहीत. विचारणार नाही.

पाणी तापवून मोठ्या टबात मीठ टाकलं आणि दोघांना समोरासमोर बसवून पाय सोडायला लावले. टब एकच आहे. हे सांगते आहे तोवर रविवार उलटून मंगळवार आला, तरी पायांची सूज उतरली नाही, आजही दामोदर मेटगळ्ळीहून इथे शेकायला आलाय. आत्ता आतून आवाज येतोय, तुझा पाय सरकव, तूच सरकव, जागा मी आधी धरली.

हे मात्र मी सोडवायला जाणार नाही.

आज्जी